उलटी फिरूनही धूळ ओढणारी मोटार

जुने यंत्र उघडणे कोणालाही जमते. खरी परीक्षा असते ती ते पुन्हा जोडताना. समजा, एखाद्या हौशी माणसाने पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा व्हॅक्यूम क्लीनर उघडला. मोटार बाहेर काढली, पुसून लख्ख केली, बेअरिंगांना तेल दिले आणि सर्व भाग पुन्हा बसविले. एकही स्क्रू उरला नाही. बटण दाबताच मोटार फिरू लागली. नळीच्या तोंडाशी धरलेला कागद तोंडाला चिकटला. काम फत्ते झाले असेच कोणालाही वाटेल. पण गालिच्यावरची धूळ मात्र उचलली जात नाही. आवाज काहीसा वेगळा येतो आहे. ब्रशांपाशी ठिणग्याही जास्त दिसतात, आणि थोड्याच वेळात जळका वास येऊ लागतो.

या यंत्राची मोटार उलट दिशेने फिरत आहे. पण मग ते हवा बाहेर कां फेकत नाही? येथेच बहुतेकांची फसगत होते. व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा उलट फिरला तरी हवा आतच ओढतो!

हे कोडे सोडविण्यापूर्वी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. इंग्लंडमधील ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने १९०१ साली हवा ओढून धूळ काढणारे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून आणून रस्त्यावर उभे करीत आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. घरात मावणारे यंत्र अमेरिकेत झाले. ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानात झाडलोटीचे काम करी. धुळीने त्याला दम्याचा त्रास होई. त्याने पंख्याची विजेची मोटार, एक पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून १९०७ साली आपले यंत्र उभे केले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि चामड्याच्या वस्तू बनविणाऱ्या हूव्हर कुटुंबाने ते विकत घेतले. पुढे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ‘हूव्हर’ हे नाव घरोघरी पोहोचले. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२१ साली जमिनीवरून घसरत नेता येईल असे आडवे नळकांड्याचे यंत्र बाजारात आणले. अशी जुनी यंत्रे शोधून, दुरुस्त करून पुन्हा चालू करण्याचा छंद त्या देशांत अनेकांना आहे.

या छंदातील सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे मोटारीचे आर्मेचर. ते जळाले तर बाजारात नवे मिळत नाही. तारा पुन्हा गुंडाळून घेता येतात. पण मिनिटाला दहा-वीस हजार फेरे घेणाऱ्या भागाचा तोल पुन्हा साधणे हे गल्लीतल्या प्रत्येक वायंडिंगवाल्याचे काम नव्हे. म्हणून जोडणीतील चूक बटण दाबण्यापूर्वी, किंवा निदान पूर्ण दाबाची वीज देण्यापूर्वी, सापडली पाहिजे.

तुमच्या घरी व्हॅक्यूम क्लीनर नसेल, पण मिक्सर असेल. मिक्सरमध्ये, हातात धरायच्या ड्रिल यंत्रात आणि शिवणयंत्राला लावायच्या छोट्या मोटारीत याच जातीची मोटार असते. तिला युनिव्हर्सल मोटार म्हणतात, कारण ती एकदिश प्रवाहावरही चालते आणि प्रत्यावर्ती प्रवाहावरही. १९२०-३० च्या सुमारास एका गावात एक प्रकारची वीज तर शेजारच्या गावात दुसऱ्या प्रकारची, अशी स्थिती होती. न्यूयॉर्कमध्ये तर एकदिश विजेचा पुरवठा थेट २००७ सालापर्यंत थोड्या ग्राहकांना चालू होता. दारोदार फिरून यंत्र विकणाऱ्याला दोन्हींवर चालणारी मोटारच हवी होती.

ही मोटार समजण्यास सोपी आहे. बाहेर लोखंडी पत्र्यांच्या थरांचा स्थिर गाभा असतो, त्यावर समोरासमोर तारेची दोन वेटोळी. याला फील्ड म्हणतात. मधोमध फिरते ते आर्मेचर. आर्मेचरच्या दांड्यावर एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे कडे असते, तो कॉम्युटेटर. तुमच्या पाठ्यपुस्तकातील मोटारीत कड्याचे दोनच अर्धे तुकडे दाखवितात. येथे वीस-पंचवीस किंवा अधिक पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा थर असतो. कॉम्युटेटरवर दोन बाजूंनी कार्बनचे ब्रश स्प्रिंगच्या जोराने टेकलेले असतात. कारागीर त्यांना नुसते ‘कार्बन’ म्हणतात. वीज येते ती फील्डच्या पहिल्या वेटोळ्यातून, तेथून एका ब्रशने आर्मेचरमध्ये, दुसऱ्या ब्रशने बाहेर आणि दुसऱ्या वेटोळ्यातून परत. म्हणजे सर्व काही एकसर जोडलेले. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढील सर्व काही तिच्यावरच उभे आहे.

आर्मेचरवरील बलाची दिशा दोन गोष्टींवर ठरते: फील्डच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि आर्मेचरमधील प्रवाहाची दिशा. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तुम्हांला ठाऊक आहेच. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. पण दिशा बदलते तेव्हा फील्ड आणि आर्मेचर दोहोंतील प्रवाह एकदमच उलटतो. गणितात ऋण गुणिले ऋण धन होते, तसेच येथे होते. बलाची दिशा तीच राहते. म्हणून भिंतीतील प्लग उलटसुलट कसाही घातला तरी मोटारीची दिशा बदलत नाही. याउलट खेळण्यातील मोटार घ्या. तिच्यात फील्डच्या जागी कायम चुंबक असतो. बॅटरीची टोके बदलली की फक्त आर्मेचरमधील प्रवाह उलटतो आणि मोटार उलट फिरते. हा प्रयोग पेन्सिल सेलवर आजच करून पहा. त्यात कसलाही धोका नाही.

आता चूक कशी होते ते पाहू. फील्डच्या गाभ्याचे दोन ध्रुव अगदी समोरासमोर असतात. त्यामुळे गाभा अर्धा फेरा फिरवून बसविला तरी तो आवरणात नीट बसतो. स्क्रूची भोकेही जुळतात. समजा तो तसा बसविला आणि तारा मात्र, खूण पाहून, पूर्वीच्याच ब्रशांना जोडल्या. आर्मेचरमधील प्रवाह पूर्वीसारखाच राहिला, पण फील्डचे उत्तर ध्रुवाचे तोंड आता दक्षिण ध्रुवाच्या जागी आले. एकच गोष्ट उलटली, म्हणून मोटार उलट फिरणार! आता समजा गाभा अर्धा फेरा फिरवून बसविला, पण प्रत्येक तार जवळ आलेल्या ब्रशाला जोडली, म्हणजे ब्रशांची अदलाबदल झाली. येथे दोन गोष्टी उलटल्या. मोटार सुलट फिरेल आणि चूक झाली होती हे कोणाला कळणारही नाही. उघडण्यापूर्वी आवरणावर आणि गाभ्यावर सलग एक रेघ ओढून ठेवली तर हा प्रश्नच उद्भवत नाही. दाभणाने ओरखडा काढला तरी पुरे. तारांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधावेत. छायाचित्र काढावे हे उत्तमच, पण छायाचित्रात मागची बाजू दिसत नाही.

आणि पंखा? आपल्या छताचा पंखा उलट फिरला तर वारा वर जातो, कारण त्याची पाती तिरपी असतात आणि हवेला दांड्याच्या दिशेने ढकलतात. व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा निराळ्या जातीचा आहे. तो हवेला गोल फिरवून कडेला फेकतो. मधली हवा बाहेर फेकली गेली की मध्यभागी दाब कमी होतो आणि नळीतील हवा तेथे धावते. गोफण डावीकडून फिरवा की उजवीकडून, दगड बाहेरच जाणार, तसेच हे. मात्र पात्यांचा बाक एका दिशेसाठीच दिलेला असतो. बहुतेक यंत्रांत पात्यांची टोके फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेली असतात. पंखा उलट फिरला की हवेचा प्रवाह विस्कळीत होतो, ओढ घटते आणि आवाज बदलतो. शिवाय आर्मेचरच्या वेटोळ्यांची टोके कॉम्युटेटरला जोडताना कारखान्यातच थोडी पुढेमागे सरकवून, एका दिशेला ठिणग्या कमी पडतील अशी जोडलेली असतात. उलट दिशेला तीच योजना अंगावर येते आणि ठिणग्या वाढतात. पंख्याच्या नटाचे आटेही पुष्कळ मोटारींत असे असतात की फिरताना नट आवळला जावा. उलट फिरताना तो सैल होत जातो. (असा नट उघडताना आधी आटे पाहावेत. ते उलटे असतील आणि तुम्ही नेहमीच्या बाजूला पान्ह्याने जोर लावला, तर नट सुटण्याऐवजी दांडाच पिळला जाईल.)

उपाय अगदी साधा आहे. फक्त दोन ब्रशांच्या तारांची आपसांत अदलाबदल करावी. प्लगच्या तारा बदलून काहीही होणार नाही हे आता तुम्हीच सांगाल.

पण दिशा तपासण्यासाठी मोटार चालवून पाहावी लागते, आणि चालवून पाहण्यातच धोका आहे. जुन्या यंत्रांच्या तारांवर रबराचे वेष्टण असते. ते वयोमानाने कडक होऊन, हात लावताच भुगा होऊन पडते. कित्येक यंत्रांचे अंग धातूचे आणि प्लग मात्र दोनच पिनांचा. अर्थिंगचा पत्ता नाही. तेव्हा यापुढील चाचण्या विजेचे काम जाणणाऱ्या मोठ्या माणसानेच कराव्यात. विद्यार्थ्यांनी हाताची घडी घालून पाहावे आणि काय घडते याचा तर्क करावा.

वायरमन मंडळींकडे या कामाचे जुने साधन आहे: सिरीजचा दिवा. मोटारीशी एकसर असा २०० वॉटचा तारेचा दिवा जोडतात. एल.ई.डी. दिव्याचा येथे उपयोग नाही. २३० व्होल्टवर हा दिवा ०.८७ अँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ देतो. मोटारीत कितीही मोठा दोष असला तरी याहून अधिक प्रवाह तिच्यातून जाऊच शकत नाही, म्हणून आर्मेचर वाचते. बटण दाबल्यावर दिवा लागलाच नाही तर मार्ग कोठे तरी तुटला आहे. बहुधा ब्रश आपल्या खोबणीत अडकून कॉम्युटेटरला टेकलेला नसतो. दिवा झगझगीत लागला आणि मोटार हललीच नाही, तर प्लग काढून दांडा हाताने फिरवून पाहावा. दांडा अडकत असेल तर दोष जोडणीचा. मोकळा फिरत असेल तर बहुधा कोठे तरी शॉर्ट झाले आहे. आणि सर्व ठीक असेल तर मोठी गंमत दिसते. दिवा आधी जोरात पेटतो, मोटार हळूहळू वेग घेते आणि तसतसा दिवा मंदावतो! फिरणारे आर्मेचर चुंबकीय क्षेत्रातून जाताना स्वतःच थोडेसे जनित्र बनते आणि येणाऱ्या विजेला विरोध करणारे विद्युत्चालक बल निर्माण करते. वेग वाढला की हा विरोध वाढतो आणि प्रवाह घटतो. पुस्तकात एका ओळीत सांगितलेली ही गोष्ट डोळ्यांना दिसावी, यासाठी एवढी चाचणी तरी शिक्षकांनी वर्गात अवश्य करून दाखवावी असे मला वाटते.

यावरून दुसरीही गोष्ट कळते. मोटार अडकलेली असताना तिला पूर्ण दाब दिला तर विरोध करणारे बल शून्य असते. मग प्रवाह नेहमीच्या कित्येक पट वाढतो आणि काही सेकंदांतच वेटोळ्यांवरील वेष्टण जळू लागते.

याच्या उलट टोकाचा धोका पंखा न बसविता मोटार चालविण्यात आहे. “आधी नुसती मोटार चालते का ते पाहू” असा मोह होतोच. एकसर जोडणीच्या मोटारीवर भार नसला की प्रवाह घटतो, त्याबरोबर फील्डचे चुंबकीय क्षेत्रही दुर्बळ होते. दुर्बळ क्षेत्रात तेवढेच विरोधी बल निर्माण करायचे तर आर्मेचरला अधिक वेगाने फिरावे लागते, आणि वेग वाढतच जातो. घर्षणाने तो कोठे तरी थांबतो हे खरे, पण तोपर्यंत आर्मेचरच्या तारा खाचांतून बाहेर फेकल्या जाण्याचा संभव असतो. पंख्यावाचून मोटार पाहायचीच असेल तर सिरीजच्या दिव्यावर पाहावी.

वेगाचे सामर्थ्य किती, याचा हिशोब करून पाहा. मिनिटाला १५,००० फेरे म्हणजे सेकंदाला २५० फेरे, म्हणजे कोनीय वेग सुमारे १,५७० रेडियन. पंख्याच्या मध्यापासून ४ सेंटिमीटरवर केवळ १ ग्रॅमचा फरक पडला, पात्याचा एखादा टवका उडाला म्हणा किंवा मळाचा लपका चिकटून राहिला म्हणा, तर mω²r या सूत्राने बल येते सुमारे ९९ न्यूटन. म्हणजे १० किलोग्रॅम वजनाइतका जोर सेकंदाला अडीचशे वेळा बेअरिंगवर चहूकडून आदळतो! पंखा धुताना चारही बाजू सारख्या स्वच्छ कां करायच्या, ते यावरून कळेल.

ब्रशांची गोष्ट वेगाची नसून स्पर्शाची आहे. वापरलेल्या ब्रशाचे टोक कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजून खोलगट झालेले असते. तोच ब्रश बाजू फिरवून घातला, किंवा दोन ब्रशांची अदलाबदल झाली, तर खोलगटपणा जुळत नाही. स्पर्श फक्त एखाद्या कडेला होतो आणि तेवढ्याच जागेतून सर्व प्रवाह जाऊ लागला की ठिणग्या उडतात. म्हणून काढतानाच ब्रशावर ‘डावा वर’, ‘उजवा वर’ अशी खूण करावी. नवा ब्रश घालायचा असेल तर कॉम्युटेटरभोवती बारीक काचकागदाची पट्टी, खरखरीत बाजू ब्रशाकडे ठेवून, गुंडाळावी आणि दांडा फिरवून ब्रशाला गोलाई आणावी. एमरीचा कागद वापरू नये. त्याचे कण पट्ट्यांमध्ये रुतून बसतात आणि त्रास देतात. नंतर कार्बनची भुकटी फुंकून काढावी, कारण कार्बन विजेचा वाहक आहे. दोन पट्ट्यांमधील अभ्रक तांब्याहून किंचित खाली असावे लागते. तांबे झिजते, अभ्रक तितकेसे झिजत नाही. ते वर आले की ब्रश त्यावरून उड्या मारीत जातो. जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा घासून पातळ करतात आणि त्याने अभ्रक खरवडतात. ते काम फार सावकाश करावे लागते.

ठिणग्या वाचायला शिकले पाहिजे. ब्रशाच्या कडेखाली बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर काळजीचे कारण नाही. नवा ब्रश अर्धाएक तास चालला की त्या कमी होतात. पण कॉम्युटेटरभोवती पिवळ्या-नारिंगी आगीचे कडे फिरताना दिसले तर मोटार ताबडतोब बंद करावी. आर्मेचरचे एखादे वेटोळे तुटलेले किंवा आतल्या आत शॉर्ट झालेले असण्याचा फार संभव असतो. थांबल्यावर कॉम्युटेटर पाहावा. एखादी पट्टी इतरांहून काळी पडलेली दिसली तर संशय पक्का.

आणखी एक नेहमीचा दोष. आवरणाचे स्क्रू आवळण्यापूर्वी दांडा मोकळा फिरतो, आवळल्यावर अडकतो. दोन टोकांची बेअरिंगे एका सरळ रेषेत आली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. स्क्रू सर्व सैल करून समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जावे, प्रत्येक वेळी दांडा फिरवून पाहावा, अडला तर आवरणाला लाकडी दांड्याने हलकेच टकटक करावे. दांड्यावरचे पातळ वायसर जेवढे निघाले तेवढे त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत. एक राहून गेला की आर्मेचर पुढेमागे सरकते आणि पंखा आवरणाला घासतो.

आपल्याकडे एक प्रश्न वरचेवर निघतो. अमेरिकेत राहून परतलेल्या नातेवाइकांनी तिकडचे यंत्र आणलेले असते. ते येथे चालेल का? तेथील विजेचा दाब १२० व्होल्ट आणि कंपनसंख्या ६०, आपली २३० व्होल्ट आणि ५०. कंपनसंख्येची चिंता नको. छताच्या पंख्याचा वेग तिच्याशी बांधलेला असतो, तसा या मोटारीचा नसतो. दाब मात्र जवळजवळ दुप्पट आहे. यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वॉटहून अधिक क्षमतेचा, दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लावल्यावाचून प्लग घालूच नये.

सर्व जोडून झाले, दिशा बरोबर आहे, ठिणग्या बेताच्या आहेत. आता अखेरची चाचणी कानाने. यंत्र चालू असताना नळीचे तोंड तळहाताने पूर्ण झाका. मोटारीचा स्वर एकदम चढतो. मोटारीवर ताण पडला म्हणून ती ओरडते असे पुष्कळांना वाटते, पण खरे कारण उलट आहे. नळी झाकली की नवी हवा येत नाही, पंख्याला ती फेकण्याचे काम उरत नाही, भार हलका होतो आणि मोटारीचा वेग वाढतो. वॉटमीटर लावला तर वाचन कमी झालेले दिसेल. मात्र तळहात लगेच काढा. कित्येक यंत्रांत हीच हवा मोटारीवरून जाऊन तिला थंड ठेवते. आणि तोंड झाकूनही स्वर चढला नाही तर? तर हवा दुसऱ्या वाटेने आत शिरत आहे. पंख्याच्या कप्प्यावरची रबरी कडी बसवायची राहून गेली असेल, किंवा कडक होऊन चिरली असेल. मोटार पुन्हा बाहेर काढण्यापूर्वी ती कडी टेबलाखाली पडलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.